कच्चा कैदी आणि मंडळीचे कर्तव्य

शब्बाथशाळा व गावसभा यांसाठी पाठ

वाचावयाचे शास्त्रभाग: प्रेषितांची कृत्ये 24:22–27 व 25:13–16, यिर्मया 38:1–13, 2 तीमथ्य 1:16–18.

पाठाचा हेतू: ज्याचा न्याय अद्याप झालेला नाही त्यास दोषी समजू नये, आणि तो बंदीत असता त्याची व त्याच्या घरच्यांची विचारपूस करणे हे आपले काम आहे, हे समजून घेणे.



गावातून कोणास पोलिसांनी नेले म्हणजे पारावर, पाणवठ्यावर व चुलीपाशी एकच बोलणे ऐकू येते: काही केल्यावाचून का धरतील? एवढे बोलून लोक आपल्या कामास लागतात. मग त्या घरची बाई तालुक्याच्या कचेरीत एकटी हेलपाटे घालते, वकिलाच्या दारी बसते, आणि घरातले शेरडू किंवा मणी-मंगळसूत्र विकून पैसे उभे करते. आपल्या मंडळीतील माणसेही पुष्कळदा असेच बोलतात, म्हणून ह्या आठवड्याचा पाठ आम्ही ह्या विषयावर घेतला आहे.

1. पौल हा कच्चा कैदी होता

ज्याच्यावर आरोप आहे पण ज्याचा निकाल लागलेला नाही, अशा बंदिवानास आपल्याकडे कच्चा कैदी म्हणतात. यरुशलेमेत धरला गेल्यानंतर पौल कैसरियास असाच होता. सुभेदार फेलिक्स ह्याने त्याचे म्हणणे ऐकले, त्यास दोषी ठरविले नाही व सोडलेही नाही. पैसे मिळतील ह्या आशेने तो त्यास वारंवार बोलावीत असे, आणि बदलीची वेळ आली तेव्हा यहुद्यांची मर्जी राखण्यासाठी त्याने पौलास बंदीतच ठेवले. अशी दोन वर्षे गेली. ह्या दोन वर्षांत पौलाविरुद्ध कोणताही निकाल झाला नव्हता, तरी शिक्षा मात्र तो भोगीतच होता.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. पहिली: फेलिक्स लोभी असला तरी पौलाच्या मित्रांनी त्याची सेवा केल्यास अडवू नये, असा हुकूम त्याने शताधिपतीस दिला होता. दुसरी: त्याच्यामागून आलेला फेस्त हा मूर्तिपूजक होता, तरी आरोपी व वादी समोरासमोर येऊन आरोपीस आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळाल्यावाचून कोणास शिक्षेसाठी सोपविणे ही रोमी लोकांची रीत नव्हे, हे त्याने अग्रिप्पा राजास स्पष्ट सांगितले. पारावर बसून निकाल देणारा ख्रिस्ती मनुष्य ह्या फेस्ताहूनही मागे पडतो, हे उघड आहे.

2. आपल्याच काळातील एक कच्चा कैदी

आता एका अलीकडच्या बंदिवानाचा वृत्तांत देतो. फादर स्टॅन स्वामी हे येशूसंघाचे रोमन कॅथोलिक धर्मगुरू होते. त्यांचा पंथ आमचा नव्हे, परंतु त्यांच्यावरील खटला आपल्याच पुणे जिल्ह्यातून निघाला.

त्यांचा जन्म 26 एप्रिल 1937 रोजी तमिळनाडूतील तिरुचिरापल्ली जिल्ह्यात विरगालूर गावी झाला. 1957 मध्ये ते येशूसंघात गेले. 1975 पासून 1986 पर्यंत बंगळूर येथील भारतीय सामाजिक संस्थेचे ते संचालक होते, आणि पुढे झारखंडात जाऊन चाईबासा भागात हो जमातीच्या आदिवासींमध्ये राहिले. हे तेच चाईबासा, जेथे जर्मन लुथरन मिशनच्या शाळेत बिरसा मुंडा लहानपणी शिकला. आपल्या लोकांच्या जमिनीसाठी उठलेला हा बिरसा 9 जून 1900 रोजी रांचीच्या तुरुंगात वारला. त्याचाही न्याय पुरा झालेला नव्हता.

झारखंडच्या भूमीत कोळसा, लोखंड व युरेनियम आहे, आणि त्या भूमीवर आदिवासींची शेते व जंगले आहेत. भारताच्या घटनेच्या पाचव्या अनुसूचीने अशा मुलखास विशेष संरक्षण दिले आहे. 1996 च्या पंचायत विस्तार कायद्याने, ज्यास पेसा म्हणतात, तेथील ग्रामसभेस अधिकार दिले, आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचा हक्क मान्य केला. हे कायदे कागदावर का राहतात, असा प्रश्न स्वामी विचारीत. रांचीजवळ नामकुम येथे 2006 मध्ये त्यांनी बगइचा नावाचे केंद्र उभारले. तेथे खेड्यापाड्यांतून बाया येत व सांगत की, आमचा मुलगा नक्षलवादी म्हणून धरला गेला आहे, आणि त्याचा खटला कधी चालेल हे कोणी सांगत नाही.

तेव्हा स्वामींनी व त्यांच्या सोबत्यांनी अशा कच्च्या कैद्यांची व त्यांच्या घरांची पाहणी केली, आणि 2016 मध्ये तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. बंदीत पडलेले बहुतेक तरुण गरीब आदिवासी व दलित आहेत, नक्षलवाद्यांशी आपला संबंध नाही असे ते सांगतात, आणि खटल्याच्या खर्चापायी त्यांची घरे बुडाली आहेत, असे त्यात आढळले. पुढल्या वर्षी त्यांनी झारखंड उच्च न्यायालयात अर्ज करून ह्या कैद्यांचे खटले लवकर चालवावे, अशी मागणी केली. ज्यांनी कच्च्या कैद्यांसाठी अर्ज केला, तेच तीन वर्षांनी स्वतः कच्चे कैदी झाले.

3. खटला कसा उभा राहिला

आपल्या इंदापूर तालुक्याच्या कडेने उजनीच्या जलाशयात जी भीमा येते, तिच्याच वरच्या अंगास शिरूर तालुक्यात कोरेगाव भीमा हे गाव आहे. 1 जानेवारी 1818 च्या लढाईची आठवण म्हणून तेथे जयस्तंभ उभा आहे, व दरवर्षी दलित समाजाचे लाखो लोक तेथे मानवंदनेस जमतात. 31 डिसेंबर 2017 रोजी पुण्यास शनिवारवाड्यापुढे एल्गार परिषद भरली. दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमा येथे दंगल होऊन एका तरुणाचा प्राण गेला. परिषदेमागे बंदी असलेल्या माओवादी पक्षाचा हात होता, असा आरोप पुणे पोलिसांनी ठेवला. जानेवारी 2020 मध्ये तपास राष्ट्रीय तपास संस्थेकडे गेला. एकंदर 16 जण धरले गेले. त्यांत प्राध्यापक, वकील, कवी व कार्यकर्ते होते, आणि सर्वांत शेवटी, 8 ऑक्टोबर 2020 रोजी, स्वामींस रांचीत अटक झाली. तेव्हा त्यांचे वय 83 वर्षांचे होते.

स्वामींचा माओवादी पक्षाशी संबंध आहे, व त्यांच्या संगणकातील पत्रे त्याचा पुरावा आहेत, असे तपास संस्थेचे म्हणणे होते. आपण कोरेगाव भीमा येथे कधी गेलोही नाही, व ती पत्रे आपली नव्हेत, असे स्वामींचे म्हणणे होते. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेतील आर्सेनल नावाच्या संगणक-तपासणी कंपनीने त्यांच्या संगणकाची नक्कल तपासून, ही पत्रे बाहेरून गुप्तपणे घुसविली होती, असा अहवाल दिला. हा अहवाल बचाव पक्षाच्या बाजूने आलेला आहे. वाचकांनी आमच्याकडून निकालाची अपेक्षा करू नये. निकाल देणे न्यायालयाचे काम होते, आणि आमचे दुःख हेच आहे की ते काम होण्यापूर्वीच कैदी गेला.

हे असे का झाले, हे समजण्यास कायद्याची एक गोष्ट कळली पाहिजे. साधारण खटल्यात जामीन हा नियम व तुरुंग हा अपवाद, असे आपली न्यायालये सांगत आली आहेत. परंतु स्वामींवर बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा लावला होता. त्यात 2008 साली घातलेल्या तरतुदीप्रमाणे, पोलिसांचे कागद पाहता आरोप सकृद्दर्शनी खरा वाटण्यास वाजवी कारण आहे असे न्यायाधीशास वाटले, तर जामीन देता येत नाही. एप्रिल 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असेही ठरविले की, जामिनाच्या वेळी त्या पुराव्याची खोल छाननी करावयाची नाही. म्हणजे कागद खरे की खोटे हे खटल्यात ठरावयाचे, आणि खटला सुरू होईपर्यंत मनुष्य आत राहावयाचा. खटला वर्षानुवर्षे सुरूच झाला नाही तर ही वाट पाहणे हीच शिक्षा होते. जानेवारी 2025 मध्ये ह्याच प्रकरणातील दोघांस मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला. तेव्हा त्यांना आत जाऊन साडेसहा वर्षे झाली होती, आणि आरोप निश्चित करण्याचे कामही झालेले नव्हते.

4. नळीचा पेला आणि जुन्या चिंध्या

स्वामींस नव्या मुंबईजवळील तळोजा येथील तुरुंगात ठेविले. त्यांस कंपवाताचा विकार होता. हात इतके थरथरत की पेला तोंडास लावता येत नसे, म्हणून ते नळीने पाणी पीत. दोन्ही कानांनी ऐकू कमी येत असे. 6 नोव्हेंबर 2020 रोजी त्यांनी न्यायालयात अर्ज केला की, नळी व नळीचा पेला मिळावा. उत्तर देण्यास तपास संस्थेने 20 दिवसांची मुदत मागितली, आणि 26 नोव्हेंबर रोजी सांगितले की, त्यांची अशी वस्तू आमच्याकडे नाही. ही बातमी वाचून देशभरातील अनोळखी लोकांनी तळोजाच्या तुरुंगाच्या पत्त्यावर पेले पाठविले. पुढे तुरुंगाच्या अधिकाऱ्यांनी पेला पुरविला.

तोपर्यंत त्यांची सेवा कोणी केली? बरोबरच्या कैद्यांनी. एकाने जेवणास मदत केली, दुसऱ्याने स्नानास हात दिला, असे स्वामींनी आपल्या पत्रात कळविले. दुसऱ्या एका पत्रात त्यांनी असेही लिहिले की, आपल्यावर कोणता आरोप आहे हेही ठाऊक नसलेले गरीब कैदी येथे पुष्कळ आहेत. स्वतःच्या दुःखातही त्यांची नजर त्या कैद्यांवर होती.

येथे यिर्मयाचा 38 वा अध्याय पुन्हा उघडावा. संदेष्ट्यास चिखलाच्या विहिरीत सोडले होते. त्यास वर काढणारा एबद-मलेख हा कूशी, म्हणजे परक्या वंशाचा चाकर होता. तो प्रथम राजाकडे गेला व हे चुकीचे झाले असे त्याने तोंडावर सांगितले. मग दोर घेऊन गेला. पण नुसता दोर नेला नाही. राजवाड्यातील भांडारातून जुनीपानी फडकी व चिंध्या घेतल्या, आणि दोर काचू नये म्हणून त्या काखेखाली घाल, असे यिर्मयास सांगितले. बंदिवानावर प्रीती करणे म्हणजे काय, हे ह्या चिंध्यांवरून कळते. राजाकडे न्याय मागणे हे एक काम, आणि काखेस दोर काचू नये म्हणून चिंधी नेणे हे दुसरे. दोन्ही एकाच माणसाने केली. कोणी म्हणतात की आम्ही फक्त प्रार्थना करू, कायद्यात पडणार नाही. कोणी म्हणतात की मोर्चा काढू, पण कैद्याच्या घरी पीठ आहे की नाही हे पाहण्यास त्यांस सवड नसते. एबद-मलेख ह्या दोघांसही शिकवितो.

स्वामींचा जामीन विशेष न्यायालयाने 22 मार्च 2021 रोजी नाकारला. 21 मे रोजी ते दूरचित्राच्या साधनाने उच्च न्यायालयापुढे आले. तुरुंगात आलो तेव्हा मी आपल्या हाताने जेवीत, लिहीत, चालत व स्नान करीत होतो, आता ते सर्व एकेक करून जात आहे, असे त्यांनी न्यायमूर्तींस सांगितले. सरकारी रुग्णालयात जाण्यापेक्षा येथेच मरण आलेले बरे, मला माझ्या माणसांत रांचीस जाऊ द्या, एवढेच त्यांचे मागणे होते. 28 मे रोजी न्यायालयाने त्यांस वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलविण्याचा हुकूम दिला. तेथे कोविड झाल्याचे कळले. 5 जुलै 2021 रोजी जामिनाच्या अर्जावर सुनावणी चालू असता, अर्जदार आता ह्या जगात नाही, असे त्यांचे वकील व डॉक्टर यांनी न्यायालयास कळविले. त्यांचे वय 84 वर्षांचे होते. कायद्याच्या दृष्टीने ते अखेरपर्यंत कच्चे कैदीच राहिले.

5. बारामती व इंदापूर येथे ह्याचा काय संबंध?

वाचकांपैकी कोणी म्हणेल, हे मोठ्या माणसांचे प्रकरण. आमच्या उसाच्या गावात असे कोण आहे? तर आपल्या गावांच्या शिवेबाहेर जी पारधी बंधूंची पाले व झोपड्या आहेत, तिकडे पाहावे. 1871 साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याने काही जमातींस जन्मानेच गुन्हेगार ठरविले, हजेरी लावली, आणि पुढे सोलापुरासारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातील वसाहतींत त्यांस कोंडले. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. पण मनातून तो गेला काय? आजही कोठे चोरी झाली म्हणजे पहिली धाड पालावर पडते, आणि गाव म्हणते की त्यांचेच काम असेल. 1998 च्या जून महिन्यात बारामती येथे पारधी समाजाचा एक मनुष्य पोलिसांच्या ताब्यात असता मरण पावला. भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या लेखकांनी व कार्यकर्त्यांनी ती हकीकत देशापुढे आणली. त्याचाही न्याय झालेला नव्हता.

2022 अखेर भारताच्या तुरुंगांत 5,73,220 बंदिवान होते. त्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते, म्हणजे शंभरांत 75 हून अधिक. स्वामींचे नाव जगाने ऐकले. ह्या चार लाखांची नावे त्यांच्या घरच्यांवाचून कोणी घेत नाही.

6. उपदेशक बंधूंनी लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

कायदा माहीत असणे हेही प्रीतीचे साधन आहे. फटके मारण्यासाठी बांधले असता पौलाने आपला रोमी हक्क सांगितला, हे आपण वाचतो. म्हणून पुढील गोष्टी मंडळीस वाचून दाखवाव्या व समजावून द्याव्या.

पहिली: कोणास अटक झाली तर अटकेचे कारण त्यास सांगणे, व त्याच्या नातलगास किंवा मित्रास कळविणे, हे पोलिसांवर बंधनकारक आहे. अटकेनंतर 24 तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, त्यास न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. हा हक्क घटनेच्या 22 व्या कलमाने दिला आहे. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी व वकिलाची भेट हेही त्याचे हक्क आहेत.

दुसरी: ठरलेल्या मुदतीत, म्हणजे गुन्ह्याच्या प्रकाराप्रमाणे 60 किंवा 90 दिवसांत, दोषारोपपत्र दाखल झाले नाही तर आरोपी जामीन मागू शकतो. स्वामींवर लावलेल्या कायद्यात मात्र ही मुदत 180 दिवसांपर्यंत वाढविता येते.

तिसरी: 1 जुलै 2024 पासून चालू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 479 व्या कलमाप्रमाणे, ज्या गुन्ह्यास मृत्यू किंवा जन्मठेप ही शिक्षा नाही, अशा गुन्ह्यातील कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या अर्ध्या मुदतीइतका काळ आत काढला असेल, तर तो जामिनास पात्र होतो. ज्यास पूर्वी कधी शिक्षा झालेली नाही, त्यास एक तृतीयांश मुदत पुरे आहे. मात्र ज्याच्यावर एकाहून अधिक गुन्ह्यांचे किंवा खटल्यांचे काम चालू आहे, त्यास ह्या कलमाचा लाभ मिळत नाही. एकाच गरिबाच्या नावावर अनेक प्रकरणे चढली म्हणजे तो कसा अडकून राहतो, हे ह्यावरून दिसेल.

चौथी: कैदेत असलेल्या प्रत्येकास फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा, किंवा 15100 ह्या क्रमांकावर दूरध्वनी करावा. लिहिता-वाचता न येणाऱ्या घरास हा अर्ज लिहून देणे, हे उपदेशकाचे चांगले काम होय.

पाचवी: घराकडे जावे. मुलांची शाळा सुटली आहे काय, तारखेस जाण्यासाठी एस. टी.चे भाडे आहे काय, म्हाताऱ्याचे औषध आहे काय, हे विचारावे. अनेसिफर रोमात पौलास शोधीत फिरला व त्याच्या साखळ्यांची त्याने लाज धरली नाही. आपल्या मंडळीत पुष्कळांस हीच लाज आडवी येते.

ह्यावर कोणी विचारील: ज्याने खरोखर गुन्हा केला असेल त्याचे काय? ज्याचे नुकसान झाले त्याचे दुःख खरे आहे, व अपराध सिद्ध झाल्यास शिक्षा होणे रास्त आहे. परंतु दोषी कोण हे खटला चालल्यावाचून कळत नाही. खटला न चालविता मनुष्यास ठेवून दिल्याने ज्याचे नुकसान झाले त्यासही न्याय मिळत नाही, व खरा अपराधी कदाचित मोकळाच फिरतो. म्हणून लवकर न्याय मागणे हे दोन्ही बाजूंच्या हिताचे आहे.

सभेत विचारावयाचे प्रश्न

1. पौल कैसरियास किती वर्षे बंदीत होता, व त्यास का सोडले नाही?
2. फेस्ताने अग्रिप्पास रोमी लोकांची कोणती रीत सांगितली?
3. एबद-मलेखाने दोराबरोबर चिंध्या का नेल्या? आपल्या गावात अशा चिंधीच्या जागी काय नेता येईल?
4. फादर स्वामींनी कोणासाठी उच्च न्यायालयात अर्ज केला, आणि पुढे त्यांची स्वतःची गत काय झाली?
5. अटक झालेल्या मनुष्याचे हक्क कोणते? ते तुम्हांस पाठ सांगता येतील काय?
6. आपल्या गावातील किंवा शेजारच्या पालातील कोणाचे घर सध्या ह्या संकटात आहे? येत्या शब्बाथापूर्वी त्या घरी कोण जाईल, ह्याचे नाव सभेतच ठरवावे, व तो काय पाहून आला हे पुढील सभेत सांगावे.